बीटल्सचे पट्टीचे चाहते कसे व्हावे

बीटल्सची गाणी आवडतात, एवढ्याच भांडवलावर आपण त्यांच्या चाहत्यांच्या बैठकीत जाऊन बसणार असाल, तर कृपया जाऊ नये. गाणी काय, कोणालाही आवडतात. तिथे चर्चा असते ती ध्वनिमुद्रणांची, आणि 'चाल फार गोड आहे' असे म्हणणाऱ्याकडे, ग्रंथालयात येऊन पंख्याची स्तुती करणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले जाते.

प्रथम मोनोचा, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने ऐकवणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा, कैवार घ्यावा; स्टिरिओत तोच आवाज डावा-उजवा वाटलेला असतो. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या अल्बमचे मोनो मिश्रण, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचे काम, बीटल्सच्या चौघांनी जातीने लक्ष घालून करून घेतले आणि स्टिरिओचे काम नंतर त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकले गेले, हे खरेच आहे. पण खरे आहे म्हणून ते एकदाच सांगून थांबावे असे नाही. त्यातले 'शीज लीव्हिंग होम' मोनोत अधिक वेगाने चालते आणि त्यामुळे सुमारे अर्ध्या स्वराने चढे लागते. तेव्हा कोणी ते गुणगुणू लागलाच, तर त्याला मध्येच अडवून 'कोणत्या पट्टीत?' असे विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर बाजी आपली. देता आले, तर विषय बदलून तबकडीच्या आतल्या कोऱ्या कडेवर कोरलेल्या बारीक क्रमांकाकडे वळावे, कारण तो वाचायला भिंग लागते आणि भिंग आपण आणलेले असते.

'हेल्टर स्केल्टर'चा विषय निघाला, की मात्र ही मोनोनिष्ठा घटकाभर गुंडाळून ठेवावी. बोटांना फोड आल्याची ड्रमवादक रिंगोची ती प्रसिद्ध आरोळी फक्त स्टिरिओत आहे, आणि तिच्यावाचून गाणे अपुरे आहे असे आपणच मागच्या खेपेस ठणकावून सांगितलेले असते.

यापुढची पायरी म्हणजे खुर्ची. 'अ डे इन द लाइफ'च्या शेवटी अनेक पियानोंवर एकदम छेडलेला स्वरमेळ ४० सेकंदांहून अधिक काळ विरत राहतो. तो विरत असताना ध्वनिमुद्रकांनी आवाजाची पातळी वाढवत नेली, त्यामुळे स्टुडिओतल्या खुर्चीची करकरही तबकडीत उतरली. ती ऐकण्यासाठी मी एका रात्री दिवे मालवून, हेडफोन कानांवर दाबून आणि श्वास रोखून बसलो होतो. अकराव्या खेपेला ती स्पष्ट ऐकू आली. बाराव्या खेपेला मी मुळीच हललो नाही, तेव्हा ती आली नाही. बैठकीत अर्थातच अकराव्या खेपेपर्यंतचाच वृत्तान्त सांगितला.

आता एक धोक्याची सूचना. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी या मंडळींनी एकाच दिवसात दहा गाणी ध्वनिमुद्रित केली; सर्दीने बेजार झालेल्या गायक जॉन लेननने 'ट्विस्ट अँड शाउट' अगदी शेवटी, फाटत चाललेल्या गळ्याने, म्हटले. ते ऐकताना अंगावर काटा येतो, आणि नेमका तिथेच कच्चा चाहता पकडला जातो. पक्का चाहता तो काटा उजव्या हातावर आला की डाव्या, याची आधी चौकशी करतो, कारण स्टिरिओ आवृत्तीत गळा उजवीकडे आणि बहुतेक वाद्ये डावीकडे आहेत.

इतके सगळे पाळूनही एखाद्या नवख्याने 'आता एखादे गाणे लावू या का?' असा आग्रह धरलाच, तर रागावू नये. कोणत्या आवृत्तीतले, एवढेच नम्रपणे विचारावे आणि पाठ टेकून बसावे. त्यावर एकमत होण्याआधी सर्वांची घरी जाण्याची वेळ झालेली असते.