‘व्हायरल करा, सुनेला धडा शिकवा’ म्हणणाऱ्यांना

सुनेने सासूला मारल्याची एखादी क्लिप आली की तिच्यासोबत ठरलेला मजकूर फिरतो: ‘इतकं पसरवा की हिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. कायदा काही करत नाही. पूर्वी असं नव्हतं.’ खाली ‘भर चौकात फोडून काढा’चा पाऊस.

‘पसरवा.’ क्लिप पुन्हा नीट बघा. आजी पदराने तोंड झाकायला धडपडतेय आणि चेहरा तिचाच सर्वांत स्पष्ट दिसतोय. दारावरची पाटीसुद्धा वाचता येते. उद्या बाजारात, नातेवाइकांत तिलाच विचारणार. रात्री तिला जेवायचंय त्याच स्वयंपाकघरात, त्याच माणसांच्या हातचं. मग पोलीस आले की ती म्हणते, ‘मोरीत पाय घसरला, साहेब.’ चित्रीकरण पुरावा म्हणून मोलाचं आहेच, पण ते द्यायचं पोलिसांना. सोसायटीच्या ग्रुपवर कशाला?

‘कायदा काही करत नाही.’ निकाल रखडतात, मान्य. पण ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. आजीला जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. ‘सांभाळीन’ या अटीवर घर लिहून घेऊन मुलगा उलटला, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मात्र ती अट दस्तात लिहून घेतलेली बरी. अशी अट होती हे सिद्ध न झाल्याने 2022 मध्ये एका आईचं सर्वोच्च न्यायालयातही निभावलं नाही. मारहाणीचा गुन्हा वेगळा, तो थेट पोलीस ठाण्यात.

‘सुनेला धडा शिकवा.’ हिने हात उचलला असेल तर तिच्यावर कारवाई व्हावीच. पण ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या हेल्पएज इंडिया या संस्थेच्या 2018 च्या पाहणीत छळ झालेल्या ज्येष्ठांनी सर्वाधिक नाव घेतलं ते मुलाचं. पेन्शनचं एटीएम कार्ड काढून घेणारा, औषधाला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारा लेक कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून त्याच्या नावाने कुणी शंख करत नाही.

‘पूर्वी असं नव्हतं.’ पूर्वी मोबाइल नव्हता.

संताप आलाच असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, 14567. आणि मारहाण डोळ्यांदेखत चालू असेल तर आधी 112 लावा, मग दार ठोठावा.