भंगार, एम्युलेटर आणि सोलापूरच्या फ्लॉप्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ४८६ म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पीसीच्या मदरबोर्डाच्या दुरुस्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुने कॉम्प्युटर घरात साठवणं म्हणजे ई-कचऱ्याला छंदाचं नाव देणं, हे सगळं आज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, फुकट चालतं, शिशाचं सोल्डर आणि पिक्चर ट्यूब असलेल्या वस्तू लहान मुलांच्या घरात ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि वेळ-पैसा घालायचाच तर वापरलेले लॅपटॉप नीट करून गरजू मुलांना द्यावेत. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘वडिलांच्या प्रेसमधला कॉम्प्युटर आम्ही केव्हाच भंगारात दिला. फ्लॉप्या तेवढ्या माळ्यावर पडल्यात. आजवर काही अडलं नाही.’

तुमचे मुद्दे कळकळीचे आहेत, त्यामुळे एकेकाला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

एम्युलेटर मीही वापरतो. एखादा जुना गेम खेळायचा असेल किंवा वर्डस्टार हे जुनं लेखनाचं सॉफ्टवेअर कसं दिसायचं हे कुणाला दाखवायचं असेल, तर डॉसबॉक्स हा एम्युलेटर पुरतो, त्यासाठी खरं मशीन सुरू करण्यात अर्थ नाही. पण ८६बॉक्ससारखा प्रोग्राम एखाद्या विशिष्ट मदरबोर्डाची हुबेहूब नक्कल करतो तेव्हा त्याला त्या बोर्डाच्या बायोसची, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची, रॉम फाइल लागते. ती कुणीतरी खऱ्या बोर्डावरची चिप उपसून, रीडरमध्ये बसवून वाचलेली असते. म्हणजे आधी बोर्ड कुणाकडे तरी शिल्लक हवा, चिप जिवंत हवी, आणि ती वाचणारा माणूस हवा. जगभर गाजलेल्या यंत्रांसाठी हे काम हौशी लोकांनी करून ठेवलंय. आपल्याकडच्या यंत्रांचं काय? एचसीएलचा बिझीबी, विप्रोचा जीनियस, गल्लोगल्ली जुळणी करून विकलेले पीसी, आणि त्यांत बसवलेली नाना तऱ्हेची खास कार्डं, म्हणजे स्लॉटमध्ये खोचायचे जोड-बोर्ड. त्या कार्डांवरच्या इप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, चिपांमधली माहिती विजेच्या अगदी बारीक भारांच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षं हळूहळू गळत राहतो. वरच्या काचेच्या खिडकीवरचं स्टिकर निघालं, तर ऊन त्यात भरच घालतं. ती माहिती मिटायच्या आत वाचायला हवी.

आता त्या ४८६ बद्दल. लेखात मी बॅटरीचं आणि बोर्डाचं लिहिलं, पण मशीन कुठलं ते सांगितलं नव्हतं. ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जॅकार्ड पंचिंगवाल्या अण्णांचं. तुम्ही सोलापूरचेच असल्याचं लिहिलंय, त्यामुळे पंचिंग म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. चादरीचं डिझाइन आधी ग्राफपेपरवर चौकटी रंगवून उतरवतात. मग प्रत्येक आडव्या धाग्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड. भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. अशी कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ जॅकार्डवर चढवायची. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकारने जमवलेली हीच युक्ती बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेसाठी हॉलेरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवरच आकडे मोजले. आपल्या शहरात ती कार्डं रोजच्या कामाची वस्तू होती.

नव्वदच्या दशकात अण्णांनी ग्राफपेपरच्या जोडीला कॉम्प्युटर घेतला. डिझाइन पडद्यावर करायचं, फ्लॉपीवर ठेवायचं, आणि पीसीच्या स्लॉटमधल्या एका कार्डावरून पंचिंग मशीन चालवायचं. ते सॉफ्टवेअर आणि कार्ड देणारी मंडळी पुढे धंद्यातून बाहेर पडली. मशीन बंद पडलं तेव्हा दुरुस्त करायला कुणी नव्हतं. फ्लॉप्या मात्र डब्यात नीट ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर पेनने नाव: मोर, वेल, काठ, जुना काठ.

तुमच्याच सल्ल्याप्रमाणे आम्ही आधी एम्युलेटर करून पाहिला. फ्लॉप्यांची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब फाइल-प्रत, घेतली, प्रोग्राम सुरू केला. पहिल्या पडद्यावरच तो थबकला, कारण सुरू होण्याआधी तो स्लॉटमधलं कार्ड शोधतो. कार्ड नाही, तर तो पुढे जात नाही. फाइल कोणत्या रचनेत आहे हे त्या प्रोग्रामखेरीज कुणालाच माहीत नाही. म्हणून मदरबोर्ड उघडावा लागला.

त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटशेजारी पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ३.६ व्होल्टची. ती फुटली की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खात जातं. अण्णांच्या बोर्डावर बॅटरीच्या भोवती निळसर हिरवी पूड साचली होती, तिच्याखालची लाखेची हिरवी साय सुटून पापुद्रे आले होते. मशीन लावलं की सहा बीप. एएमआय कंपनीच्या बायोसच्या भाषेत याचा अर्थ कीबोर्ड कंट्रोलरकडच्या गेट ए-२० या सिग्नलचा बिघाड, आणि कंट्रोलरची चिप बॅटरीच्या अगदी शेजारी, त्यामुळे रोग कुठे आहे ते तिथेच कळलं. बॅटरी कापून काढली. पांढऱ्या व्हिनेगरने तो भाग पुसला, कारण अल्कलीला आम्लच मारतं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज नाही. त्यानंतर मल्टिमीटर बझरवर ठेवून एकेक ट्रॅक तपासला. जिथे बझर वाजला नाही, तिथे तुटलेल्या दोन टोकांमध्ये बारीक एनॅमल वायर टाकली. ही वायर मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळते, आणि यंत्रमागांच्या शहरात अशी दुकानं पावलोपावली आहेत. कंट्रोलरचं गंजलेलं सॉकेटही बदललं. मग सहा बीपांच्या जागी एकच बीप आला.

बॅटरीच्या जागी आता लांब वायरवरचं सेल होल्डर आहे आणि मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड. तो डायोड कुणी विसरू नका. बोर्डाची रचना जुन्या बॅटरीला चार्ज करण्यासाठी केलेली असते, आणि साधा सेल चार्ज करायला गेलात तर तोही फुटतो.

प्रोग्राम उघडला. ‘जुना काठ’ नावाची फाइल पडद्यावर आली तेव्हा अण्णा म्हणाले, हा नाना बसून करायचे. नाना म्हणजे त्यांचे वडील. आज त्या सगळ्या डिझाइनांची साध्या चित्रांच्या रूपातली प्रत त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यातला एक काठ त्यांनी पुन्हा विणायला घेतलाय. हे काम एम्युलेटरवर होणार नव्हतं. त्या कार्डावरची चिप आम्ही आता वाचून ठेवली आहे, त्यामुळे उद्या कुणाला त्याची नक्कल करता येईल. आधी यंत्र, मग एम्युलेटर, असाच क्रम आहे.

तुमच्या वडिलांच्या प्रेसबद्दल. मराठी टायपिंगची त्या वर्षांतली स्थिती तुम्ही घरातच पाहिली असेल. पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की विंडोजआधीच्या डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसायच्या, आणि मजकूर इस्की या अक्षरसंकेतात साठवला जायचा. १९९१ मध्ये इस्की भारतीय मानक झालं. देवनागरी, तेलुगू, कन्नड यांना एकच संकेतरचना, म्हणजे या तिन्ही लिप्या चालणाऱ्या सोलापूरसारख्या शहराला अगदी सोयीची. पण प्रेसमधलं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची पानजुळणी, बहुतेक फॉन्टवर चालायचं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धे वर्ण, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडूनही कचरा दिसतो. विंडोजमध्येच देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. शिवाय यांतली कितीतरी सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालायची, प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा तो ठोकळा. लॉक हरवला किंवा तो पोर्टच नसलेला नवा लॅपटॉप घेतला, की सॉफ्टवेअर मुकं.

त्या प्रेसमध्ये काय काय जुळलं असेल याचा विचार करा. स्मरणिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंक, गड्ड्याच्या यात्रेची पत्रकं, कुणाचा तरी कवितासंग्रह ज्याच्या दोनशे प्रती छापल्या आणि वाटून संपल्या. तुमचं काही अडलं नाही हे मला पटतं. पण ज्याला उद्या या शहराबद्दल लिहायचंय, त्याचं अडेल.

पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटला हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करतात, त्याला तुम्ही ‘मेकअप’ म्हटलंत. मी ते करत नाही. प्लास्टिक पिवळं पडलं तर पडू दे. माझ्या लेखी दुरुस्ती म्हणजे यंत्र चालणं.

आता ई-कचरा. इथे तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि ती मलाही आहे. पण भंगारात दिलेलं मशीन कुठे जातं ते पाहा. अधिकृत रिसायकलरकडे गेलं तर उत्तम. पण बहुतांश वेळा ते हातगाडीवरून अशा ठिकाणी पोचतं जिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात आणि सोन्याच्या कणांसाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. तो धूर आणि ते ॲसिड तिथे राबणाऱ्या माणसाच्या अंगावर येतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत रिसायकलरच्या बरोबरीने नूतनीकरण करणाऱ्यांनाही जागा आहे, कारण चालू करून वापरणं हा तोडण्याच्या आधीचा टप्पा आहे. मी दिसेल ते घरी आणत नाही. पेंटियम ४ चे डबे ढिगाने मिळतात, ते घेत नाही. ज्यात एखादं खास कार्ड आहे, ज्याबरोबर कुणाचा डेटा आहे, किंवा जे आपल्याकडे बनलं तेच घेतो. ज्याचं काही होऊ शकत नाही ते सुटं करून अधिकृत संकलकाकडे देतो.

शिशाबद्दल. २००६ च्या आधीच्या बहुतेक बोर्डांवर कथिल-शिशाचं सोल्डर असतंच. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. जो धूर दिसतो तो सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात त्या फ्लक्सचा, आणि तो दम्याच्या माणसाला वाईट. म्हणून पंखा बाहेर तोंड करून. शिशाचा खरा धोका हाताला लागून पोटात जाण्याचा, म्हणून कामाच्या टेबलावर चहासुद्धा नाही, आणि उठताना साबणाने हात. मुलांना त्या खोलीत मी हजर असल्याशिवाय प्रवेश नाही. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो राहू शकतो. त्यामुळे मॉनिटर उघडणं हे अनुभवी टीव्ही मेकॅनिककडून शिकल्याशिवाय कुणीही करू नये. आणि जुनं मशीन थेट सॉकेटला कधीच लावू नका. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज दिवा मध्ये घाला. आत शॉर्ट असेल तर दिवा भक्क पेटतो आणि मशीन वाचतं.

लॅपटॉपचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि ज्याला ते जमेल त्याने जरूर करावं. फक्त ते या कामाच्या बदल्यात का मागावं हे मला कळत नाही. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या, शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या क्लास प्रकल्पात सरकारने शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर दिले होते, तेव्हा कितीतरी शाळकरी मुलांना पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावायला मिळाला. त्या यंत्रांच्या पॉवर सप्लायमधला कागदी कपॅसिटर तडकतो आणि खोलीभर धूर होतो. तो बदलला की पुष्कळदा यंत्र चालू होतं. चालू होताच थेट बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा समोर येते. आठवी-नववीच्या मुलांना त्यावर दोन ओळी लिहू दिल्या की कॉम्प्युटर आज्ञा पाळतो म्हणजे काय, हे त्यांना लगेच कळतं.

माळ्यावरच्या फ्लॉप्यांचं तेवढं ऐका. पत्र्याखालचा माळा असेल तर आजच खाली आणा. सोलापूरच्या मे महिन्यात तिथे काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. कोरड्या हवेमुळे आपल्याकडे बुरशी कमी धरते, ही जमेची बाजू. कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालून ‘चालते का’ पाहू नका. ड्राइव्हमधलं वाचणारं हेड मळलेलं असेल तर ते चकतीवरचा तपकिरी थर खरवडून काढतं, आणि उजेडात धरलं की आरपार दिसणारी गोल रेघ उरते. त्या रेघेवरचं काहीही परत येत नाही. सव्वापाच इंचीच्या बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. साडेतीन इंचीचं छोटं भोक उघडं ठेवा. म्हणजे चुकूनही त्यांवर काही लिहिलं जाणार नाही. लेबलं काढू नका, त्यावरच्या पेनच्या नोंदींवरून पुष्कळ काही लागतं.

आणि प्रेसमधला तो लॉक, प्रिंटरच्या मागे खोचलेला, कुठल्या खणात पडला असेल तर तोही शोधून ठेवा. सोलापूरला याल तेव्हा हे सगळं घेऊन या. ग्रीझवीझल या फ्लॉपी वाचण्याच्या छोट्या बोर्डाने फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे उतरवून घेता येतात, अगदी खराब सेक्टरसुद्धा पुन्हा पुन्हा वाचता येतो. प्रत तुमच्याकडेच राहील.