नाव बदलल्याने चित्र व्हेक्टर होत नाही

२०० पिक्सेल रुंदीचे जेपीईजी बोधचिन्ह पाठवायचे आणि ‘फोटो एडिटरमध्ये उघडून एसव्हीजी म्हणून सेव्ह करा, पाच मिनिटांचे काम आहे’ असे सांगायचे, हा प्रकार आता मला खरोखर असह्य झाला आहे. जेपीईजी म्हणजे पिक्सेलचे, रंगीत ठिपक्यांचे चित्र; एसव्हीजी हा व्हेक्टर चित्राचा प्रकार, म्हणजे त्यात रेषा आणि आकार गणिती वर्णनाने लिहिलेले असतात आणि म्हणून ते मोठे केले तरी फाटत नाहीत. काल हाती आलेली अशीच एक ‘एसव्हीजी’ मी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर आत एकही पाथ, म्हणजे रेखाटलेली रेषा किंवा आकार, नव्हता. एका इमेज टॅगमध्ये तेच जुने पिक्सेल बेस६४ (फाइलमधली माहिती साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) अक्षरांच्या लांबलचक ओळींत भरलेले होते आणि मोठे केल्यावर ते पूर्वीसारखेच फाटले.

स्वयंचलित ट्रेसिंग करावे, म्हणजे पिक्सेलच्या चित्रावरून प्रोग्रॅमकडूनच रेषा काढून घ्याव्यात, तर वेगळाच मनस्ताप वाट्याला येतो. जेपीईजी चित्र ८ × ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबले जात असल्याने अक्षरांच्या कडेला पुसट डाग राहतात, त्यात कडा मऊ दिसाव्यात म्हणून घातलेल्या करड्या छटांची भर पडते आणि प्रोग्रॅम अशा डागांनाही आकार समजून त्यांच्याभोवती रेघ ओढतो. जे वर्तुळ एसव्हीजीमध्ये केंद्र आणि त्रिज्या देऊन एका ओळीत लिहिता येते, बेझिए वक्रांनी (मोजक्या बिंदूंवरून ठरणाऱ्या वळणदार रेषांनी) काढले तरी ज्याला चार बिंदू पुरतात, त्याच्या कडेवर मी परवा शंभराहून अधिक बिंदू मोजले! ते एकेक पुसत बसण्यापेक्षा पेन टूलने सगळे नव्याने रेखाटणे लवकर होते, म्हणून शेवटी मी तेच करतो. मूळ व्हेक्टर फाइल बहुतेक वेळा कुठेतरी असतेच. ती शोधण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.