लाईट का गेली ते नको, कधी येणार ते सांगा

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारी आईचा मेसेज आला, "लाईट गेली. मोरीवर पाणी." एवढंच. मी फोन लावला तर लागेना.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि बाहेर पडायला एकच रस्ता, तोही त्या मोरीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून. मी राहते नाशिकला, पंचवटीत. त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गंगापूर धरणाचा आकडा आला. आत्ता किती क्युसेक सोडलेत, किती वाजता वाढवणार, गोदाघाटावरच्या टपऱ्या हलवा. सराफ बाजारातल्या ओळखीच्यांनी तळातला माल वर चढवला. रात्री गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं; पूर किती चढला ते आम्ही या मूर्तीवरून ओळखतो. मी गॅलरीत फोन हातात धरून उभी होते. माझ्या शहराचं पाणी मला तासातासाला कळत होतं आणि आईबाबांचं काहीच कळत नव्हतं.

नाशिकमध्ये नुकसान होत नाही असं मी म्हणत नाही. २ ऑगस्ट २०१६ चा पूर आम्ही जवळून पाहिलाय. पण त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि अंधारात येणाऱ्या गाड्यांना पुढे पूलच नाही हे सांगायला कोणी नव्हतं. तेव्हापासून पाणी म्हटलं की मला आधी घड्याळ आठवतं.

गावाकडची माणसं अंधाराला आणि पाण्याला घाबरत नाहीत. आईची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच झालेली असते: तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, कोकमाचं आगळ, सुकी लाकडं. पंप बसवून वीस वर्षं झाली तरी तिने विहिरीवरचा रहाट काढू दिला नाही, दोर दरवर्षी नवा असतो. मोरीच्या कडेला एक दगड आहे, चुना फासलेला. तो बुडाला की कोणी पलीकडे जात नाही, मग कितीही घाई असो. आमच्या गावचा दुतोंड्या मारुती म्हणजे तो दगड.

अडतं कुठे, तर किती वेळ ते माहीत नसण्यात. बाबा इन्सुलिन घेतात. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर राहिली तरी चालते, पण न उघडलेल्या बाटल्यांना फ्रीज लागतो. मी त्यांना म्हटलं होतं, माठात ठेवा. नाशिकच्या कोरड्या हवेत माठ गार होतो म्हणून सुचलेलं ते शहाणपण. कोकणात जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग माठ गार कसा होणार? लाईट चार तासांत येणार असेल तर फ्रीजचं दार न उघडता बसून राहायचं. चार दिवस लागणार असतील तर ओहोटी साधून कोणाबरोबर तरी बाटल्या तालुक्याला पाठवायच्या. दोन्ही जमतं, पण कुठलं करायचं ते ठरवणार कसं? आईने तक्रारीच्या नंबरवर फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "काम चालू आहे." मग टॉवरच बंद पडला. लाईट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, पुढे डिझेल लागतं आणि डिझेलची गाडी येणार मोरीवरून. रस्ता बुडाला की लाईट दुरुस्त करणारा येत नाही, लाईट नाही म्हणून पंप नाही, फोन नाही आणि फोन नाही म्हणून विचारताही येत नाही. मला आईचा आवाज तिसऱ्या दिवशी ऐकू आला. "बरे आहोत गो, तू जेवलीस का?"

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर खांबच्या खांब आडवे झाले, सुपारीच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याला इलाज नव्हता, हे मी समजू शकते. पण दर पावसाळ्यातली मोरी आणि दर पावसाळ्यातली लाईट ही वादळं नव्हेत.

आणि वेळ सांगता येते. खाडीच्या पाण्याला धरणाच्या दारापेक्षा चोख वेळापत्रक आहे. बाबा तिथीची पाऊणपट करतात: पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वा अकराच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. उधाणाच्या भरतीत मोठा पाऊस झाला की खाडीचं पाणी समुद्रात शिरत नाही, उलटं रस्त्यावर चढतं. ओहोटी लागली की तासा-दोन तासांत उतरतं. भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून येतात. तरी आमच्याकडे येतो तो अख्ख्या रायगड जिल्ह्याचा रेड अलर्ट. माथेरानला तोच, आमच्या मोरीलाही तोच. त्याच्याखाली एक ओळ का नाही येत, की आज इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत खाडीकाठचे रस्ते बुडतील? लाईनमन, औषधवाला, बाळंतिणीला नेणारी रिक्षा, सगळ्यांना ती ओळ पुरेल. आणि लाईटचं विचाराल तर अंदाजच सांगा, चुकला तरी चालेल. "उद्या दुपारपर्यंत नाही" एवढं कळलं असतं तर बाबांच्या दोन बाटल्या वाया गेल्या नसत्या.

किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखालून न्या, मोरी उंच करा, हे तर मागायचंच आणि मी मागतेच आहे. त्याला वर्षं लागतील. ही एक ओळ लिहायला पैसे लागत नाहीत.

या गणपतीला गावी जाताना मी नाशिकहून एक मोठा फळा आणि खडूचे डबे घेऊन जाणार आहे. फाट्यावरच्या निवाऱ्यात तो लावायचं ग्रामपंचायतीशी बोलणं झालंय. गावातले निवृत्त गुरुजी रोज सकाळी त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला तयार आहेत. खाली लाईटसाठी एक रकाना मोकळा ठेवलाय. तो कोण भरणार, हे विचारायला मी तालुक्याच्या वीज कचेरीत स्वतः जाणार आहे. नाशकात राहणाऱ्या, खाडीकाठी माहेर किंवा घर असलेल्या कोणाला बरोबर यायचं असेल, तर खाली लिहा.