‘सेंद्रियच्या नावाखाली रासायनिक पोतं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "बोर्डावर सेंद्रिय, हातात झिंक सल्फेट. शेतकऱ्याला फसवतात. वरून अर्धा तास उभं ठेवलं. फवारून आठ दिवस झाले, काही फरक नाही." उभं राहावं लागलं त्याबद्दल माफी असावी. पोळ्याची गर्दी होती, काउंटरवर आम्ही दोघंच.

पण फसवणुकीचं लिहिलं ते लागलं.

धानाची पानं घेऊन तुम्हीच आलात. खालच्या पानांवर तांबूस ठिपके, बांधीत जागोजागी रोप खुजं, रोवणीला तीन आठवडे झालेले. हा खैरा. नावाला रोग, खरं तर जस्ताची (म्हणजे झिंकची) कमतरता, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी १९६६ सालीच दाखवून दिलंय. तुमच्याच माती अहवालात जस्त ०.४ पीपीएम. ०.६ च्या खाली कमी धरतात. सामू (पीएच) ८ च्या वर. अशा जमिनीत पाणी सतत तुंबलं की लोह सुटतं, जस्त मात्र मुळांना मिळत नाही. त्यात ढैंचा, म्हणजे हिरवळीचं खत, गाडून दुसऱ्याच दिवशी रोवणी केली, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि एनपीओपीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांना बंदी नाही हो. वापर मर्यादित आहे: कमतरता दाखवायची, प्रमाणन संस्थेची परवानगी आधी घ्यायची. हे बिलाच्या मागे लिहून दिलं होतं. युरिया या दुकानात कधी आला नाही. जिवाणू खताची बाटली महाग आहे, ती खपवली असती तर मला जास्त सुटले असते. पण ती रोवणीआधी मुळं बुडवायला. उभ्या, तांबूस पडलेल्या धानाला तिचा भरवसा मी कसा देऊ?

तांबूस झालेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं, नवीन पान बघा. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेटसोबत २.५ ग्रॅम चुना सांगितला होता, तो टाकला का?

दुकान नवीन आहे, लोक स्टार बघूनच आत येतात, म्हणून एवढं लिहिलं. नियमांचा कागद काउंटरवर लावून घेतो, गर्दीचंही बघतो काहीतरी. बांधीतलं पाणी थोडे दिवस उतरवा. पोत्यात उरलेलं नको असेल तर बिल घेऊन या, तेवढे पैसे परत देईन.