म्युझियमची रील बघून लोक घरी बसतात म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की म्युझियमवाले रील्सच्या नादाला लागले, लोक घरबसल्या सगळं बघतात त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही, तो पैसा वस्तू जपायला लावा, आणि लाइक मिळाले म्हणजे काय माणसं जोडली जात नाहीत. मला अजिबात पटलेलं नाही, एकेक घेते.

कोणी फिरकत नाही? रविवारी भायखळ्याला जाऊन बघा. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला तोबा गर्दी, आणि तिथेच शेजारी १८७२ पासूनचं भाऊ दाजी लाड म्युझियम, त्याच्याकडे कित्येकांची मानसुद्धा वळत नाही. रील्स नव्हत्या तेव्हाही वळत नव्हती हो! माझी आई लालबागची, बागेत शंभरदा गेली असेल, पण म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती तिने कधी धड बघितला नव्हता. मी फोनवर त्याचा फोटो दाखवून सांगितलं, हा घारापुरीचा, ह्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, १८६४ ला इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाली, चल गं. कुठे जोडलाय ते शोधत हत्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या तिने, मग आत गेलो तर मातीच्या छोट्या बाहुल्यांसमोरून हलेचना.

पैशाचं म्हणाल तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या काउबॉय म्युझियमने ट्विटर अकाउंट चक्क सिक्युरिटी हेडच्या हातात दिलं, तो साधे फोटो टाकून साधंसुधं लिहायचा आणि जगभरचे लोक वाचायचे. ह्यात कसला आलाय खर्च?

आता लाइकचं. नुसती पोस्टर टाकायची आणि कॉमेंटला उत्तर द्यायचं नाही, असं असेल तर तुमचा राग बरोबर आहे, मी स्वतः एका ठिकाणी मराठीत प्रश्न विचारून महिनाभर वाट बघितलीय. पण लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय लायब्ररी, हिने २००८ मध्ये तीनेक हजार जुने फोटो फ्लिकर ह्या फोटोंच्या वेबसाइटवर टाकले, तेव्हा लोकांनी जागा, माणसं, तारखा ओळखून खाली लिहिल्या, आणि त्यावरून पहिल्या काही महिन्यांतच पाचशेच्या वर नोंदी सुधारल्या गेल्या. लायब्ररी असली तरी काम तेच ना?

आपल्याकडे गिरणगावाच्या जुन्या फोटोखाली "ही आमची चाळ, तो डावीकडचा माझा काका" असं लिहू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या हातात फोन आहे. त्यांना आत्ताच विचारायला हवं.