सगळं एका पातेल्यात

सण झाल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कट्ट्यावर उरलेल्या जेवणाशिवाय दुसरा विषयच नव्हता. सगळ्यांच्या फ्रिजमध्ये पातेल्यांवर पातेली. बाळ्याने मोबाइलवरचा एक आकडा वाचून दाखवला: २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के तुमच्या-आमच्या घरांतलं.

‘‘म्हणूनच माझी पद्धत!’’ शिऱ्या उठून उभा राहिला. मुद्दा मांडायचा म्हणजे त्याला उभं राहावंच लागतं. ‘‘भात, भाजी, सॅलड, कोंबडी, सगळं एका पातेल्यात. वरून झणझणीत मसाला. याला म्हणतात नवनिर्मिती.’’

‘‘याला म्हणतात पुरावा नष्ट करणं,’’ मंदा म्हणाली.

मंदा कॅन्टीन चालवते, त्यामुळे तिचे प्रश्न थेट असतात. ‘‘भात रात्रभर कुठे होता?’’

‘‘ओट्यावर. झाकून ठेवला होता की! गरम भात फ्रिजमध्ये घातला तर फ्रिज बिघडतो.’’

‘‘फ्रिजची काळजी आहे, पोटाची नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो. शिजवलं तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही उकळलंस तरी जात नाही.’’

‘‘मसाल्यात सगळं मरतं!’’

‘‘मसाल्यात फक्त वास मरतो, शिऱ्या. तेवढ्यासाठीच तू घालतोस.’’

मी पूर्णपणे मंदाच्या बाजूने. उरलेल्याचं नवं काही करायचं तर डोकं तिसऱ्या दिवशी चालवून उपयोग नाही, ते ताटं उचलतानाच चालवायला हवं. भात उथळ ताटात पसरायचा, म्हणजे लवकर निवतो. कोंबडी हाडांवरून सोडवायची, हाडं वेगळी. भाजी वेगळी, रस्सा वेगळा. दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये. थोडं कोमट असलं तरी छोट्या डब्यांत चालतं. आख्खं वाफाळतं पातेलं मात्र आत ढकलायचं नाही. एकदा सगळं कालवलं की त्यातून पुढे काहीच निघत नाही. वेगळं ठेवलं तर हवं ते करा.

निवलेल्या भाताचंच बघा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की दाणा घट्ट होतो, सुटा होतो. ताजा भात परतायला घेतला की लगदा. हा मात्र तापलेल्या कढईत पडला की तडतडतो. घालायचा थोडाथोडा, आणि लगेच ढवळत सुटायचं नाही. खालचा थर जरा लालसर होऊ द्यायचा. मंदा हे सांगताना हाताने उलथनं फिरवत होती आणि बाळ्या चक्क आवंढे गिळत होता.

‘‘आणि हाडं?’’ त्याने विचारलं.

‘‘कांदा आणि भाज्यांची देठं घालून मंद आचेवर दोन-तीन तास. गाळून थंड केलंस की थुलथुलीत जेलीसारखं बसतं. तसं बसलं म्हणजे सूपला अंग येणार.’’

कुस्करलेल्या बटाट्याच्या वड्या, उरलेल्या केकचा चुरा, त्यावर फळं आणि साय, हे भराभर बोलून झालं. पावावर मात्र जुंपली. शिऱ्या पाव फ्रिजमध्ये ठेवतो आणि वर ‘‘ताजा राहतो’’ म्हणतो. फ्रिजच्या थंडाव्यात पाव उलट लवकर शिळा होतो. काप करून फ्रीझरमध्ये टाकावा, लागेल तेवढा काढून भाजावा. वाळलाच असेल तर चुरा करून लसणाबरोबर परतावा आणि कुठल्याही बेचव भाजीवर भुरभुरावा.

‘‘मागच्या सहलीला तुझ्या त्या सुपाने आमची काय अवस्था केली!’’ बाळ्याने जुनं उकरलं.

‘‘ते पाण्यामुळे झालं!’’

‘‘पाणी मीही प्यायले होते,’’ मंदा म्हणाली. ‘‘सूप नव्हतं प्यायलं.’’

शिऱ्याने मग पवित्रा बदलला. ‘‘बरं, मान्य. वेगवेगळं ठेवायचं. पण एवढे डबे आणायचे कुठून?’’

‘‘माझे घट्ट झाकणाचे तीन आहेत ना तुझ्याकडे? मागच्या सणाला जेवण भरून दिलेले?’’

शिऱ्या खाली बसला.

‘‘शिऱ्या, काय ठेवलंयस त्यांत?’’

‘‘एकात... खिळे आहेत.’’

‘‘आणि दुसऱ्यात?’’

‘‘स्क्रू.’’

बाळ्याचा चेहरा हळूहळू बदलला. ‘‘थांब. काल तू मला वाटीभर दिलंस, त्यात काहीतरी कुरकुरीत लागलं होतं...’’

‘‘तो पापुद्रा होता रे! भाताचा!’’ शिऱ्या ओरडला, पण तोवर मंदा हसून हसून कट्ट्यावरून घसरायची बाकी होती आणि तिसऱ्या डब्यात काय आहे हे विचारायचंच राहिलं.